रोमला नकोसा झालेला पोप

डिसेंबर १५२१ च्या पहिल्या तारखेला पोप दहावा लिओ अचानक वारला. रोममध्ये सगळ्यात जास्त हादरले ते सावकार. लिओ हा मेडिची घराण्यातला, म्हणजे फ्लोरेन्सच्या नामांकित पेढीवाल्यांचा वंशज. पण पूर्वजांनी कमवायची कला जेवढी साधली होती तेवढीच याने उडवायची साधली. त्याच्या दारी हत्ती झुलत होता, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे. १५१४ मध्ये पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने हिंदुस्थानातून आलेला एक हत्ती त्याला नजराणा म्हणून पाठवला होता. हॅनो नावाचा हा हत्ती रोमकरांचा इतका लाडका झाला की दोन वर्षांनी तो मेला तेव्हा लिओने त्याचं चित्र काढायचं काम राफाएलकडे दिलं. मिरवणुका, मेजवान्या, शिकारी, नाटकं, कवी, विदूषक आणि वर इटलीतली युद्धं. डोळे मिटले तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. सिस्टीन चॅपेलसाठी राफाएलच्या चित्रांवरून विणून घेतलेले भारी भिंतपडदेसुद्धा गहाण पडले.

या माणसाच्या गादीवर पुढच्या महिन्यात जो बसला, त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. शाळेच्या पुस्तकात युरोपचं प्रबोधन येतं, मायकेलअँजेलो आणि राफाएलची नावं येतात, लगेच मार्टिन ल्यूथर येतो आणि धर्मसुधारणेचा धडा सुरू होतो. या दोन धड्यांच्या सांध्यात सहावा ॲड्रियन उभा आहे. निवड झाल्यापासून मरेपर्यंत त्याला मिळाले जेमतेम वीस महिने, आणि त्यातलं रोममध्ये काढलेलं फक्त एक वर्ष. एवढ्यात त्याने कुठलीही लढाई जिंकली नाही, कुठलीही इमारत बांधली नाही, कुठल्याही चित्रकाराला आश्रय दिला नाही. तरी चर्चचा गाडा नेमका कुठे रुतला होता हे समजून घ्यायचं असेल, तर लिओपेक्षा हा माणूस जास्त उपयोगाचा आहे, असं मला वाटतं.

आधी तो कुठला कोण ते पाहू. जन्म २ मार्च १४५९, गाव उट्रेख्ट, म्हणजे आजच्या नेदरलँड्समधलं. बापाचं नाव फ्लोरिस, धंदा सुतारकाम. बाप लवकर गेला, आईने पोराला शिकवलं. ‘सामायिक जीवनाचे बंधू’ म्हणून ओळखला जाणारा एक भाविक पंथ त्या भागात होता. साधं राहावं, मन लावून वाचावं, देखावा करू नये ही त्यांची शिकवण. त्यांच्या शाळेत ॲड्रियन वाढला आणि ते वळण त्याच्या अंगातून शेवटपर्यंत गेलं नाही. १४७६ मध्ये तो लूव्हेनच्या विद्यापीठात गेला. बर्गंडीच्या ड्यूकची विधवा, यॉर्कची मार्गारेट, हिने त्याच्या शिक्षणाला पैशाची मदत केली. १४९१ मध्ये तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला, मग प्राध्यापक, मग दोनदा विद्यापीठाचा प्रमुख. वर्गातली त्याची टिपणं विद्यार्थ्यांनी त्याला न विचारता छापून टाकली. त्यात एक वाक्य होतं जे पुढे फार गाजलं: श्रद्धेच्या बाबतीत पोपसुद्धा चुकू शकतो. लिहिताना त्याला कल्पना नसणार की एक दिवस आपणच त्या खुर्चीवर बसणार आहोत. ते पुस्तक तो पोप झाल्यावर पुन्हा छापलं गेलं, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

१५०७ मध्ये त्याला एक शिकवणी मिळाली. विद्यार्थी सात वर्षांचा होता, नाव चार्ल्स. हाच पुढे स्पेनचा राजा आणि १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स झाला. त्या काळच्या युरोपातली सगळ्यात मोठी जहागीर याच्या नावावर होती. मास्तरांचं नशीब विद्यार्थ्याबरोबर फिरलं. १५१५ मध्ये ॲड्रियनला स्पेनला पाठवलं गेलं, तिथे तो तोर्तोसाचा बिशप झाला, १५१७ मध्ये कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी झाला, आणि स्पेनच्या कुप्रसिद्ध धर्मन्यायालयाचा प्रमुखही झाला. हे शेवटचं विसरू नये. साधा, निर्लोभी, अभ्यासू ही सगळी विशेषणं त्याला लागू पडतात. पण पाखंडाच्या बाबतीत तो मवाळ नव्हता. १५२० मध्ये चार्ल्स स्पेनबाहेर पडला आणि मागे कारभार ॲड्रियनच्या गळ्यात मारून गेला. त्याच वर्षी स्पेनच्या कास्तील प्रांतातल्या शहरांनी बंड केलं. परक्या माणसाच्या हाती राज्य दिलं आणि वर कर लादले, म्हणून लोक चिडले होते. बंड मोडलं ते सरदारांच्या फौजांनी, एप्रिल १५२१ मध्ये. ॲड्रियनने त्यात फार मर्दुमकी गाजवली असं कुणीच म्हणत नाही.

आता रोमकडे वळू. पोपची निवड कार्डिनल लोक बंद दाराआड करतात. २७ डिसेंबर १५२१ ला ३९ कार्डिनल आत गेले, त्यात तिघे सोडून बाकी सगळे इटालियन. लिओचा चुलतभाऊ जूलियो दे मेडिची याला गादी हवी होती, पण मेडिचींना पाण्यात पाहणारे कमी नव्हते. एक गट सम्राट चार्ल्सच्या बाजूचा, एक फ्रान्सच्या राजाच्या बाजूचा, आणि म्हातारे कार्डिनल तरुणांवर नाराज. रोज मतदान व्हायचं, रोज कुणाचंच गणित जमायचं नाही. शेवटी जूलियोने ओळखलं की आपलं काही खरं नाही. मग त्याने नाव पुढे केलं ते त्या खोलीत नसलेल्या माणसाचं: तोर्तोसाचा कार्डिनल, वय ६२, विद्वान, सच्छील, सम्राटाचा गुरू. धर्मशास्त्राचा मोठा अभ्यासक कार्डिनल कायेतान याने त्याच्या बाजूने चार शब्द सांगितले. बाकीच्यांनी विचार केला असावा, दगडापेक्षा वीट मऊ. ९ जानेवारी १५२२ ला ॲड्रियन पोप झाला. त्या खोलीतल्या बहुतेकांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

बाहेर जमलेल्या रोमकरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कार्डिनलांना शिव्यांची लाखोली वाहिली. असं सांगतात की एका कार्डिनलने गर्दीला हात जोडून म्हटलं, नुसत्या शिव्यांवर भागवता आहात, धोंडे मारत नाही, हे तुमचे उपकार. लोक एवढे का चिडले? परका पोप आला, आता दरबार स्पेनला नेतो की काय, ही भीती होती. ‘रोम भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागल्याची गोष्ट त्याच दिवसांतली.

ज्याला निवडलं तो तेव्हा स्पेनच्या उत्तरेला व्हितोरिया गावात होता. बातमी पोचायलाच दोन आठवडे लागले, अधिकृत पत्र यायला महिना. त्याला आनंद झाला नाही, आणि हा खोटा विनय नव्हता. त्याची पत्रं तसंच सांगतात. नवीन पोप नवीन नाव घेतो ही रीत तेव्हा पक्की झाली होती, याने आपलं जुनंच ठेवलं. (त्याच्यानंतर असं करणारा एकच पोप झाला, १५५५ मधला दुसरा मार्सेलस, आणि तो तर २२ दिवसांतच गेला.) निघायला, जहाजं जमवायला, वाट ठरवायला सहा महिने लागले. चार्ल्स जुलैमध्ये स्पेनला परत आला, पण गुरू आपल्या शिष्याला न भेटताच ऑगस्टमध्ये तारागोनाहून जहाजात बसला. सम्राटाच्या खिशातला पोप म्हणून जगाने आपल्याकडे पाहू नये, ही त्याची धडपड. वाटेत जेनोव्हाला थांबला. सम्राटाच्या सैन्याने तीन महिन्यांपूर्वीच ते शहर लुटलं होतं. ज्या सेनापतींनी लूट केली ते पापाची क्षमा मागायला पुढे आले. त्याने उत्तर दिल्याचं सांगतात: मला ते करता येत नाही, मी करूही नये आणि मला करायचंही नाही. हे त्याच्याच शिष्याचे सेनापती.

२९ ऑगस्टला तो रोममध्ये शिरला, ३१ ला राज्याभिषेक झाला. पुढच्याच दिवशी त्याने कार्डिनलांना बसवून सुधारणेचा पाढा वाचला.

इथे जरा थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे ‘एक भला माणूस आणि बाकी सगळे चोर’ अशी बाळबोध गोष्ट होऊन बसेल.

पोपच्या दरबारात कारकून, लेखनिक, पत्रांवर मोहोर उठवणारे, हिशेबनीस अशी शेकडो पदं होती. ही पदं विकली जायची, आणि ती उघडपणे, ठरलेल्या भावाने. समजा एखाद्या पदाची किंमत हजार सोन्याची नाणी, म्हणजे हजार डुकाट. ते पैसे पोपच्या तिजोरीत भरायचे, की पद आपलं. मग त्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जावर, प्रत्येक पत्रावर जे शुल्क लागायचं त्यातला वाटा पदवाल्याला मिळायचा. वर्षाला शंभराच्या आसपास सुटले तर दहा-अकरा वर्षांत मुद्दल वसूल. आपल्याकडच्या वतनाशी हे ताडून पाहिलं तर पटकन उमगेल. पाटीलकी किंवा कुलकर्ण विकत घेता येत असे, गहाण टाकता येत असे, आणि वतनदाराला त्या कामाचे हक्क मिळत असत. फरक एवढा की वतन वंशपरंपरेने चालायचं, रोमचं पद माणसाबरोबर मरायचं. पदावर असताना मेलात तर ते पुन्हा पोपकडे जायचं आणि पोप ते पुन्हा विकायचा. म्हणून लोक आजारी पडायच्या आत, थोडं शुल्क भरून, पद दुसऱ्याला विकून मोकळे व्हायचे.

पोपच्या बाजूने पाहिलं तर हे सरळसरळ कर्ज होतं. आज रोख हातात घ्यायची आणि पुढची कित्येक वर्षं भाविकांच्या खिशातून त्याचं व्याज फेडत राहायचं. लिओने या धंद्याचा कळस केला. १५२० मध्ये त्याने ‘संत पीटरचे शिलेदार’ नावाचा ४०१ जणांचा एक नवीनच वर्ग काढला. दर माणशी सुमारे हजार डुकाट. काम काय? म्हणावं असं काही नाही. त्याच्या अखेरीस विकाऊ पदांची संख्या दोन हजारांच्या वर गेली होती.

याच्या जोडीला दुसरा प्रकार होता तो चर्चच्या उत्पन्नाच्या जागांचा. बिशपची गादी, मठाचं प्रमुखपद, एखाद्या देवळाची जमीन, प्रत्येकाला ठरलेलं उत्पन्न. एकच कार्डिनल चार-चार देशांतल्या जागा अडवून बसायचा आणि तिथे आयुष्यात पाऊल टाकायचा नाही. अजून जिवंत असलेल्या माणसाची जागा तो मेल्यावर मला मिळेल, अशी आगाऊ आश्वासनंही पोप लेखी देत असे, अर्थात पैसे घेऊन.

आता सुधारणा करायची म्हणजे काय करायचं? शुल्क कमी केलं की ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून पद घेतलं त्यांचं उत्पन्न बुडतं. ते म्हणणार, आमचे पैसे परत द्या. परत द्यायला तिजोरीत काय आहे? लिओची कर्जं. पद रद्द करावं तर दिलेला शब्द मोडला असं होतं. तसंच चालू ठेवावं तर जर्मनीत ल्यूथर हेच बोट दाखवून विचारतोय की देवाच्या दारात हा बाजार कसला. प्रत्येक गैरप्रकाराच्या मागे कुणाची तरी भाकरी होती, कुणाच्या मुलीचा हुंडा होता, कुणाचं म्हातारपण होतं. ॲड्रियन भ्रष्टाचाराविरुद्ध लढला असं आपण म्हणतो तेव्हा समोर हे सगळे लोक उभे होते, आणि त्यांतले बरेचसे स्वतःला चोर समजत नव्हते. त्यांनी रीतसर पावती घेऊन गुंतवणूक केली होती.

ॲड्रियनने केलं ते असं. पुढच्या जागांची आगाऊ आश्वासनं रद्द केली. त्याबरोबर आशेवर जगणारे शेकडो लोक एका फटक्यात उघड्यावर पडले. जागा देताना माणूस लायक आहे का हे स्वतः तपासू लागला; मला देवळांना पुजारी शोभवायचे आहेत, पुजाऱ्यांना देवळांनी शोभवायचं नाही, असं तो म्हणे. लिओच्या तबेल्यात सेवकांचा तांडा होता, याने बारा ठेवले. तेही, सांगतात, कार्डिनलांपेक्षा पोपकडे थोडे तरी जास्त दिसावेत म्हणून. स्वतःच्या जेवणाचा खर्च रोजचा एक डुकाट. स्वयंपाकाला मायदेशाहून आलेली एक म्हातारी. नात्यातला कुणीतरी पायी चालत रोमला आला, तर त्याला लोकरीचा एक कपडा आणि वाटखर्च देऊन परत पाठवलं अशी कथा आहे. ज्या शहरात पोपचे पुतणे-भाचे ड्यूक व्हायचे, त्या शहराला हे औदार्य वाटलं नाही, कद्रूपणा वाटला.

आणि कला. इथे मात्र त्याची बाजू घेणं मलाही जड जातं. व्हॅटिकनच्या बेल्व्हेदेरे अंगणात पुरातन शिल्पं ठेवलेली होती. जमिनीतून १५०६ मध्ये सापडलेलं, सापांच्या विळख्यात तडफडणाऱ्या लाओकूनचं शिल्प त्यातच होतं. नव्या पोपला ते कौतुकाने दाखवलं, तर तो म्हणाला, ‘ही तर जुन्या लोकांची मूर्तिपूजा.’ अंगणाचे दरवाजे बंद करून घेतले. मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टीन चॅपेलचं छत त्याला उघड्यानागड्यांचं स्नानगृह वाटल्याचं पुढे कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलं आहे. चित्रकारांना काम मिळेना, कवींना बिदागी मिळेना. कवी रिकामा बसला की काय करतो? शिव्या लिहितो. फ्रान्चेस्को बेर्नी या कवीने ॲड्रियनवर आणि त्याला निवडणाऱ्या कार्डिनलांवर एक लांबलचक जहाल कविता लिहिली.

रोममध्ये पास्क्वीनो नावाचा एक मोडकातोडका प्राचीन पुतळा आहे. रात्री येऊन त्याच्यावर निनावी टिंगलीच्या कविता चिकटवायच्या, ही तिथली जुनी खोड. ॲड्रियनच्या वेळी त्याला इतका ऊत आला की पोप म्हणाला, हा पुतळा उचला आणि तीबर नदीत फेका. त्यावर सम्राटाच्या राजदूताने समजावलं म्हणे, महाराज, नको. तो तळाशी गेला तरी बेडकासारखा ओरडत राहील. पुतळा वाचला. आजही तो रोममध्ये आहे आणि आजही त्याच्यापाशी असे कागद लावले जातात.

कवींचा राग बाजूला ठेवला तरी ॲड्रियनच्या कारभारात खोट होती. त्याला इटालियन येत नव्हतं, लॅटिन तो उत्तरेकडच्या हेलात बोलायचा. विश्वास ठेवायचा तो आपल्या देशातल्या तीन-चार माणसांवर, त्यात एन्केव्होर्ट हा मुख्य. रोमकरांपैकी जवळचं कुणी नाही. प्रत्येक अर्जाला उत्तर एकच, ‘बघू’. हा शब्द इतका गाजला की त्याच्या नकला व्हायला लागल्या. प्राध्यापकाला निबंध तपासायची सवय असते. दोन्ही बाजू तोलल्याशिवाय शेरा मारायचा नाही. राज्यकारभारात त्या तोलण्याला लोक चालढकल म्हणतात. अर्ज साचत गेले. जे त्याच्या बाजूने उभे राहिले असते तेसुद्धा कचेरीच्या पायऱ्या झिजवून वैतागले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, आल्या आल्या शहरात प्लेग पसरला. कार्डिनल शहर सोडून पळाले. ॲड्रियन कित्येक महिने जागचा हलला नाही. पण कचेऱ्याच ओस पडल्यावर सुधारणा करणार कुणाची? पहिला हिवाळा तसाच वाया गेला.

तेवढ्यात पूर्वेकडून बातमी आली. तुर्की सुलतान सुलेमानने १५२१ मध्ये बेलग्रेड घेतलं होतंच. १५२२ च्या उन्हाळ्यात त्याने ऱ्होड्स बेटाला वेढा घातला. तिथे सेंट जॉनचे योद्धे, म्हणजे धर्मासाठी लढायचं व्रत घेतलेला एक पंथ, मूठभर. ॲड्रियन ख्रिस्ती राजांना पत्रांवर पत्रं लिहीत होता: आपसातली भांडणं थांबवा, जहाजं पाठवा. चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस मिलान कुणाचं यावरून झुंजत होते. पोपच्या तिजोरीत आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? डिसेंबरच्या अखेरीस ऱ्होड्स पडलं. हा घाव त्याच्या फार जिव्हारी लागला.

आणि आता जर्मनी. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा दिवस ३ जानेवारी १५२३ हा आहे, आणि त्या दिवशी तो स्वतः तिथे नव्हता. न्यूरेम्बर्गमध्ये साम्राज्यातल्या राजे-सरदारांची सभा भरली होती. पोपचा दूत फ्रान्चेस्को कियेरेगाती याला ॲड्रियनने एक लेखी सूचनापत्र दिलं होतं. ल्यूथरला आवरा, वर्म्सच्या सभेने १५२१ मध्ये त्याच्याविरुद्ध दिलेला निकाल अमलात आणा, ही मागणी त्यात होती आणि ती कडक शब्दांत होती. पण त्याच पत्रात पुढे जे होतं ते ऐकून सभा चाट पडली असेल. आशय असा: देव ही आपत्ती आणतो आहे ती माणसांच्या पापांमुळे, आणि विशेषतः पुरोहितांच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या पापांमुळे. या पवित्र गादीवरच कित्येक वर्षं घृणास्पद गोष्टी घडत आल्या आहेत. धर्माच्या कामात अधिकाराचा गैरवापर झाला आहे. रोग डोक्यातून अंगात उतरला, पोपकडून खालच्या अधिकाऱ्यांकडे. आपण सगळेच वाट चुकलो. सुधारणा रोमच्या दरबारापासूनच करू. मात्र रोग जुना आणि गुंतागुंतीचा आहे, तेव्हा सगळं एकदम होणार नाही, पायरीपायरीने होईल.

पोपने जगापुढे असा कबुलीजबाब देणं ही त्या काळात अकल्पित गोष्ट होती. कुठल्याही मोठ्या संस्थेचा प्रमुख सहसा काय म्हणतो? तुरळक प्रकार घडले, चौकशी चालू आहे, बदनामीमागे विरोधकांचा हात आहे. ॲड्रियनने दोष थेट आपल्या खुर्चीवर घेतला, तोही त्या खुर्चीवर येऊन चार महिने झाले असताना. या दोषांतला एकही त्याचा स्वतःचा नव्हता.

फळ काय मिळालं? जर्मन राजांनी कबुली उचलून धरली आणि उत्तरात रोमविरुद्धच्या शंभर तक्रारींची यादी हातावर ठेवली. ल्यूथरला पकडणं आत्ता शक्य नाही, म्हणाले. आधी जर्मन भूमीवर सर्व चर्चची परिषद बोलवा. ल्यूथरच्या बाजूच्या लोकांना आयतंच कोलीत मिळालं: पाहा, पोप स्वतःच म्हणतोय. इकडे रोममधले कार्डिनल दातओठ खात होते की घरातली धुणी चव्हाट्यावर धुवायची काय गरज होती. दोन्ही बाजूंनी त्याच्या पदरात निखारेच पडले. तरीही, ती कबुली द्यायला नको होती असं मी म्हणणार नाही. उशीर झाला होता, हे खरं. जे १५१७ मध्ये, ल्यूथरने पहिल्यांदा आवाज उठवला तेव्हा, बोललं गेलं असतं तर कदाचित भांडण घरातल्या घरात मिटलं असतं, ते १५२३ मध्ये नुसतं पुरावा म्हणून वापरलं गेलं.

इरॅस्मस हा त्या काळचा युरोपातला सगळ्यात नावाजलेला विद्वान, आणि तो ॲड्रियनचाच देशबांधव. ॲड्रियनने त्याला लिहिलं, रोमला या, ल्यूथरविरुद्ध लेखणी चालवा. इरॅस्मसने तब्येतीचं कारण सांगितलं, सल्ला दिला, पण आला नाही. शहाणा माणूस बुडत्या होडीत पाय ठेवत नाही.

याच वसंतात रोमला एक फाटका यात्रेकरू आला होता. बास्क प्रांतातला, पायाने लंगडा, जेरुसलेमला जायची पोपची परवानगी मागायला. ती मिळाली आणि तो पुढे गेला. त्याचं नाव इग्नेशियस लोयोला. पुढे त्याने जेझुइट संघ काढला. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेवियर याच संघाचे. चर्चच्या अंतर्गत सुधारणेची जी लाट ॲड्रियनला उठवता आली नाही, तिचा एक मोठा कर्ता त्याच्या कचेरीतून एक परवाना घेऊन निघून गेला होता. दोघांनाही याचा पत्ता असायचं कारण नाही.

शेवटचे महिने राजकारणाने खाल्ले. कार्डिनल सोदेरीनी फ्रान्सशी गुप्त पत्रव्यवहार करून सिसिलीत बंड उठवायच्या बेतात आहे, हे उघडकीला आलं. पोपने त्याला कैद केलं. फ्रान्सचा राजा भडकला. इतके दिवस दोघांच्या मध्ये ताठ उभा राहिलेला ॲड्रियन ३ ऑगस्ट १५२३ ला अखेर सम्राटाच्या आघाडीत सामील झाला. ज्या शिष्याच्या छायेत दिसू नये म्हणून न भेटता निघून आला होता, त्याच्याच बाजूला त्याला जावं लागलं. उन्हाळ्याचा कडाका होता, तब्येत ढासळली. १० सप्टेंबरला त्याने आपल्या कारकिर्दीतला एकुलता एक कार्डिनल नेमला, तो एन्केव्होर्ट. १४ तारखेला तो गेला. अंथरुणाभोवती जमलेले कार्डिनल त्याला विचारत होते की पैसे कुठे ठेवलेत. एवढी काटकसर केली म्हणजे पुरून ठेवलेलं काहीतरी असणारच, असं त्यांना वाटत होतं. फारसं काही सापडलं नाही.

त्याच्या वैद्याच्या दारावर कुणीतरी हार घालून ‘मातृभूमीच्या मुक्तिदात्यास’ असं लिहिलं म्हणतात. त्याला आधी पुरलं ते दुसरा पायस आणि तिसरा पायस या दोन पोपांच्या थडग्यांमध्ये. पायस म्हणजे श्रद्धाळू. लगेच टोमणा निघाला की दोन श्रद्धाळूंच्या मध्ये एक अश्रद्ध निजला आहे. दहा वर्षांनी एन्केव्होर्टने रोममधल्या सांता मारिया देल्लानिमा या चर्चमध्ये त्याची मोठी समाधी बांधवून घेतली. रचना बाल्दासारे पेरुत्सीची, कोरीवकाम भव्य, म्हणजे ॲड्रियनने स्वतः कधीच मंजूर केलं नसतं असं. लूव्हेनमध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी त्याने आपल्या घरादारातून काढलेलं वसतिगृह ‘पोप कॉलेज’ म्हणून ओळखलं जातं. उट्रेख्टला म्हातारपणी राहायला म्हणून बांधायला घेतलेलं घरही उभं आहे. त्यात तो एक दिवसही राहिला नाही. त्याच्यानंतर इटलीबाहेरचा पोप यायला १९७८ साल उजाडावं लागलं, पोलंडच्या दुसऱ्या जॉन पॉलचं.

गादीवर पुढे आला तो जूलियो दे मेडिची, सातवा क्लेमंट नावाने. या खेपेला त्याचं गणित जमलं. रोमने सुटकेचा निःश्वास टाकला, कवी परतले, चित्रकारांना कामं मिळाली. १५२६ मध्ये क्लेमंटने तुर्कांविरुद्धच्या खर्चासाठी २ लाख डुकाटचं नवं जाहीर कर्ज काढलं, दहा टक्के व्याजाने. पुढच्या वर्षी, ६ मे १५२७ ला, ॲड्रियनच्या त्याच शिष्याच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. पदांची विक्री त्यानंतरही चालूच राहिली.